पीठ ने, पोर बी ने

शेवंतामावशीला हळू बोलता येत नसे. तिची पिठाची गिरणी होती, तेलावर चालणारं इंजिन होतं, आणि त्या इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवता चढवता तिचा गळा वरच्या पट्टीत जाऊन तिथेच बसला होता. इंजिन बंद असलं तरी ती तशीच बोलायची. "गुरुजी, कुनाला सांगू नका बरं का," असं ती मला बाजूला घेऊन सांगायची, तेव्हा मारुतीच्या पारावरची माणसं विडी ओढायची थांबून नीट ऐकायची आणि संध्याकाळी मलाच विचारायची, की मग पुढे काय झालं.

मी त्या गावच्या शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. सत्तर-एकाहत्तरचे दिवस. गावाचं नाव लिहीत नाही; पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला, एवढं पुरे. तिथली बरीच माणसं अजून आहेत आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तर डब्यात थोडी ज्वारी घेऊन मी गिरणीवर गेलो. पिठाने भुवया पांढऱ्या झालेली, पदर कमरेला खोचलेली एक बाई इंजिनाचं हँडल मारत होती. नवरा वारल्यावर इंजिन विकून टाक म्हणून सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. तिने ते विकलं नाही, स्वतः चालवायला घेतलं. धुराड्यावर उपड्या घातलेल्या डब्याचा 'पुक् पुक्' आवाज शिवारभर जायचा आणि त्याच्या वर मावशीचा आवाज. तिने माझ्या डब्यात डोकावून पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "येवढंच दळन? घरात बायको न्हाई व्हय?" नाही, म्हटलं. "मग भाकरी कोन थापतं?" मी म्हटलं, मीच. रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं माझ्या हातांकडे बघत होती.

दिवाळीपर्यंत शाळा कशी भरलेली असायची. भाऊबीज झाली की बैलगाड्या जुंपल्या जायच्या, आणि अर्धं गाव कालव्याच्या मुलखात, साखर कारखान्यांवर ऊस तोडायला निघून जायचं. बायका-माणसं, शेळ्या, कोंबड्या, आणि पोरं. पोरं तिथे काय करायची? मोठी मोळ्या वाहायची, लहान त्याहून लहानांना सांभाळायची. पहिल्या वर्षी एका सकाळी शाळेत आलो तर पुढचे दोन बाक रिकामे आणि मागच्या भिंतीपाशी चारसहा डोकी. हजेरी घेताना मी नाव पुकारायचो आणि उरलेली पोरं एका सुरात सांगायची, "गेलं कारखान्याला." काही दिवसांनी मी हजेरी मनातच घ्यायला लागलो, कारण ते ऐकून माझं डोकं फिरायचं.

त्यातली छबू माझ्या फार जिवाला लागली. पुढच्या वर्षी ती चौथीत आली. तिसरी तिने दोनदा केली होती. अक्कल कमी म्हणून नव्हे, दिवाळीनंतर शाळेत नव्हती म्हणून. बेरीज-वजाबाकी बोटं न मोजता करायची, आणि उत्तर चुकलं तर माझ्यावरच डोळे वटारायची. तिचे वडील, नामदेव, भला माणूस. त्या दिवाळीआधी त्याने मला सरळ सांगितलं, की गुरुजी, औंदा चौथी झाली तर पाचवीला घालतो, नाही झाली तर पोरीच्या जातीला एवढी शाळा पुरे झाली. म्हणजे छबूला उन्हाळ्यातल्या परीक्षेपर्यंत गावात ठेवलं पाहिजे. घरात म्हातारं माणूस कोणी नाही. तिची आई राखमा म्हणाली, ठेवते हो, पण खायाला कोन घालील?

हा प्रश्न मी गिरणीवर बोलून दाखवला. मावशीने इंजिन थांबवलं, हे विशेष, कारण एकदा चालू केलेलं इंजिन ती दळण संपेपर्यंत थांबवत नसे. म्हणाली, छबूच का? अशी समदीच पोरं हायेत. मी म्हटलं, तुम्ही आणि मी मिळून दोघाचौघांचं तरी भागवू. तर ती माझ्यावरच खेकसली.

"मी एकलीनं घातलं तर ती माझी पोर झाली, गुरुजी. गावाची कशी व्हईल? फुडल्या साली मी मेले, तुमची बदली झाली, म्हंजी पोरं परत उसात. ज्याचं त्यानं घातलं पायजे. समद्या गावानं."

मग पारावर बैठक झाली. बैठका मला त्या वेळी आवडायच्या, नवीन होतो. सरपंच अण्णा आले, पांढरेशुभ्र. सोसायटीचे चेअरमन आले. महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणून अण्णांची पत्नी आली आणि खांबाआड बसली. केरू मुकादम आला, ज्याच्या टोळीतून ही सगळी माणसं जायची. पोरं मागे राहिली तर बायकांना तान्ही मुलं सांभाळून कोयता चालवावा लागणार, म्हणजे ऊस कमी तुटणार, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण तोही मान डोलावून म्हणाला, पोरं शिकली पायजेत. अण्णा म्हणाले, "करू ना. काय अवघड हाय त्यात?" शाळेची खोली झोपायला. मंडळाकडून घोंगड्या. चेअरमनकडून कंदिलाचं तेल. जेवणासाठी वार लावायचे: प्रत्येक घराने आठवड्यातला एक दिवस घ्यायचा, त्या दिवशी एक पोर त्यांच्याकडे जेवेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. मावशी एवढंच म्हणाली, की नुसत्या 'व्हय'चं पीठ पडत न्हाई, आणि ते पलीकडच्या आळीतही ऐकू गेलं. अण्णांना ते आवडलं नाही.

घरोघर वार मागायला मावशीच गेली. दुपारी परत आली ती गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत. "गुरुजी, समद्यांनी बेस्तरवारच घेतला!"

मला आधी कळेचना. बेस्तरवार म्हणजे गुरुवार, आमच्याकडचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी घरात भाकरीबरोबर कोरड्यासाला भाजी यायची, कोणाकडे वांगी, कोणाकडे मेथी, एखाद्या घरी शेवचिवड्याची पुडी. बाकीचे दिवस चटणी-भाकर, फार तर हुलग्याचं पिठलं. आणि परक्याच्या लेकराच्या ताटात नुसती चटणी-भाकर कशी वाढायची? त्याची आई कारखान्यावर ऐकून काय म्हणेल? गाव काय म्हणेल? म्हणून प्रत्येक बाईने अगदी मनापासून सांगितलं, की आमच्याकडं बेस्तरवारी पाठवा, कोरड्यास चांगलं असतं. एकाही घराने नाही म्हटलं नाही. सगळं गाव तयार, फक्त आठवड्यातून एकच दिवस. चिडायचं तरी कोणावर? मी पुन्हा घरोघर फिरलो, समजावलं, हात जोडले. "तसं कसं गुरुजी, लोकाचं लेकरू हाय," हे एकच उत्तर. त्या मोठ्या मनाने मला जितकं छळलं तितकं कोणाच्या कोत्या मनाने छळलं नाही.

भाऊबीजेनंतर गाड्या गेल्या, छबू आणि आणखी काही पोरं मागे राहिली. पहिल्या गुरुवारी ती इतकी जेवली, की शुक्रवारी निम्मी पोट धरून शाळेच्या मागे बसलेली. शुक्रवारपासून बुधवारपर्यंत मावशीच्या भाकरी आणि माझी करपलेली खिचडी. घोंगड्या आल्या नव्हत्या. तेलाला चेअरमन तालुक्याला जाऊन आल्यावर बघणार होते. मी अण्णांकडे गेलो की चहा यायचा, "करू ना" यायचं, आणि मी चहा पिऊन परत यायचो. आजही कोणी "करू ना" म्हटलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

मावशीने पुढे कसेबसे वार वाटून दिले, एकेकीशी भांडून. कोणाला सोमवार, कोणाला शनिवार. बायकांनी ते घेतले, पण मान राखून. पोर दारात आलं की पाट मांडायचा, ताटाखाली रांगोळीचं बोट ओढायचं, घरातल्यांच्या आधी त्याला वाढायचं, आणि सगळ्यांनी उभं राहून बघायचं. घरातली पोरं दाराआडून टकमका. असं असताना दुसरी भाकरी कोण मागेल? पोरं अर्धपोटी उठायची, "झालं" म्हणायची आणि शाळेत येऊन पाणी प्यायची. छबू तर जाईचना. मी रागावलो तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "गुरुजी, मला तितं पाटावर बसवत्यात."

हे मी मावशीला सांगितलं. ती इंजिनाच्या पट्ट्याला राळ लावत लावत म्हणाली, की बरोबर हाय पोरीचं. घरचं पोर कधी पाटावर बसतं का? ते चुलीपाशी बसतं, तव्यावरची भाकर हातावर घेतं, तोंड भाजून घेतं आणि आईची शिवी खातं.

"ही येडी लोकं पोराला पाव्हना करत्यात. पाव्हन्याला एक दीस जीव लावतो मानूस. पोराला रोज लागतंय."

मग तिने जे केलं ते तिच्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने सगळी पोरं गिरणीच्या ओट्यावर बसवली. इंजिन सुरू केलं, दळणं दळली, आणि पहिली बाई आपला डबा उचलायला वाकली तशी मावशीने डब्यावर पाय ठेवला. म्हणाली, "पीठ ने, पोर बी ने." बाई हसली. मावशी हसली नाही. तिने छबूला हाक मारली, डबा तिच्या डोक्यावर दिला आणि बाईला सांगितलं, की ही तुझं दळन घरी पोचवील. आनून टाकलं की तिला एक भाकर टाक. बास. पाट मांडलास तर उद्या तुझं दळन मी घेनार न्हाई.

आता ज्या घरात दळण गेलं त्या घरात त्या संध्याकाळी भाकरी होणारच, हे आलंच. आणि आमच्या भागात दळण वाहून आणणाऱ्या पोराला ताज्या पिठाची पहिली भाकर द्यायची रीत आहे. घरोघरी आया आपल्या पोरांना तीच लालूच दाखवून गिरणीवर पिटाळतात. त्यात पाहुणचार नसतो. छबू डबा घेऊन गेली, चुलीपाशी टेकली, जाळ सारला, भाकर खाल्ली, आणि चटणी तिखट आहे म्हणून त्या बाईला ऐकवून आली. परत येताना तिच्या हनुवटीला पीठ लागलेलं होतं. मला पहिल्यांदाच वाटलं, की ही आता परीक्षेला बसते.

ते काही आठवडे विलक्षण गेले. कोणत्या पोराला कुठे पाठवायचं हे मावशी दळणाच्या रांगेवरून ठरवायची, आणि मोठ्याने. "सोना, तुझ्याकडं लसनाची चटनी हाय, बाळूला लई आवडती, घिऊन जा त्याला." ज्या घरी भांडण चालू आहे तिथे पोर जायचं नाही, तेही ती तितक्याच मोठ्याने सांगायची आणि भांडण चव्हाट्यावर आणायची. लोक वैतागायचे. पण दळण कुठे नेणार? दुसरी गिरणी ओढ्यापलीकडच्या गावात. हळूहळू गंमत अशी झाली, की बायका स्वतःच विचारायला लागल्या, आज आमच्यासंगं कोन येतंय? छबूचं ठरलेलं घर झालं सोनाकाकूचं. तिथे ती पोरं झोपवायची, काकूच्या हातची शिवी खायची, आणि कंदिलात काकूचंच तेल जाळून पाढे म्हणायची. चेअरमनचं तेल अजून यायचंच होतं.

आणि मग नजर लागली. नजर कसली, अण्णाच. एकदा तालुक्याला त्यांनी कुठेतरी हे बोलून दाखवलं, आपणच सुरू केल्यासारखं, आणि तिथले एक साहेब बघायला आले. आदल्या दिवशी शाळा सारवली. घोंगड्या आल्या! महिनोन्महिने न आलेल्या घोंगड्या एका सकाळी बैलगाडीतून आल्या आणि साहेब गेल्यावर त्याच गाडीतून परत गेल्या. पोरांना रांगेत पाटावर बसवून बुंदी वाढली, गळ्यात झेंडूच्या माळा. छबूने माळ काढून खाली ठेवली म्हणून अण्णांच्या पत्नीने तिला चिमटा काढला. साहेबांनी भाषण केलं. हे काम एकट्या गावावर पडता कामा नये, असं म्हणाले. सरकारकडून धान्य मिळेल, स्वयंपाकी मिळेल, समिती करा. साहेब मनाने चांगले होते, हे मी आजही म्हणतो. टाळ्या झाल्या. समिती झाली. मावशीला समितीत घेतलं नाही. तिचा आवाज मोठा आहे, बैठकीत बरं दिसत नाही, असं अण्णांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर मावशी म्हणाली, पीठ ने, पोर बी ने. बाई म्हणाली, मावशी, आता सरकार घालनार हाय ना? आमी घातलं तर सरकार म्हनंल, ह्यांना गरज न्हाई. अण्णांनी सांगितलंय, धान्य येवस्तवर जरा थांबा. तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की आपण भाकर दिली तर पोरांचं धान्य बुडेल. एकेक घर असं थांबलं. मावशी ओरडली, भांडली, एकीच्या डब्यातलं पीठ रागाने पुन्हा चाळणीत ओतलं. मी अण्णांकडे खेटे घातले. धान्य मंजूर झालं आहे. धान्य निघालं आहे. धान्य पाथर्डीत आलं आहे. काय सांगू, ते धान्य मी डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. दुसरीकडे वाटलं गेलं म्हणे.

सोनाकाकू छबूला घालत राहिली, पण तिच्या नवऱ्याला ते खटकायला लागलं. सगळं गाव थांबलंय, तूच कशी शहाणी? एका संध्याकाळी त्याने चुलीपाशी बसलेल्या छबूला विचारलं, की तुझं सरकार कधी येणार गं? थट्टेत विचारलं होतं. छबू दुसऱ्या दिवसापासून तिकडे गेली नाही. मावशीच्या घरी जेवायला लागली, तेही मान खाली घालून.

तशात केरू मुकादम बैलांचा कडबा न्यायला गावात आला. परत जाऊन त्याने कारखान्यावरच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत, काय सांगितलं असेल ते असेल, पण पुढच्या फेरीला तो राखमाचा निरोप घेऊन आला: पोरं उपाशी हायेत असं कळलं, छबूला पाठवून द्या. धाकटं पोरही आजारी होतं. फडात उसाच्या पाचटावर टाकून ठेवलेलं पोर. राखमाला कोयता सोडून दर घटकेला पळावं लागत होतं. मी तिला दोष देऊ शकत नाही. परीक्षा तोंडावर आली होती.

गाडी निघाली तेव्हा मावशी ओढ्याच्या उतारावर बैलांसमोर जाऊन उभी राहिली. अंगभर पीठ, हातात चाळणी. सगळं गाव गोळा झालं, कारण ती जे म्हणत होती ते सगळ्या गावाला ऐकू येत होतं. केरूला म्हणाली, पोर खाली उतरव. अण्णांना नाव घेऊन विचारलं, धान्य कुठाय? बायकांना म्हणाली, एक भाकर जड झाली का गं? माणसं आपापल्या पायांकडे बघत उभी. मग गाडीतून छबूच बोलली.

"मावशी, जाऊ दी मला. तितं आईच्या चुलीपाशी तरी बसन."

मावशी बाजूला झाली. गाडी ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, आणि ती तिथेच चाळणी धरून उभी. मी तिच्या जवळ गेलो तर मलाही तिने हाताने लांब व्हायला सांगितलं.

नंतर तिने गिरणी बंद ठेवली. बायका दळणं घेऊन यायच्या. ती ओट्यावर बसलेली असायची. "पीठ पायजे? पोर कुठाय?" एवढंच विचारायची. बायका थोडा वेळ उभ्या राहून ओढ्यापलीकडच्या गावाला निघून जायच्या. उरलेली काही पोरं तिने आणि मी आमच्या हाताने जगवली, ती परीक्षेला बसली, पास झाली. मी ते आनंदाने सांगायला गेलो तर ती म्हणाली, ही आपन घातली गुरुजी, गावानं न्हाई. ह्यात मोजू नका. परीक्षेच्या दिवशी मी छबूचं नाव मोठ्याने पुकारलं. का पुकारलं कोण जाणे. पोरं सवयीने म्हणाली, "गेली कारखान्याला."

त्याच उन्हाळ्यात गावात वीज आली आणि अण्णांच्या पुतण्याने मोटारीची गिरणी घातली. आता गावाची एकी बघावी! खांब उभा करायला झाडून सगळी माणसं. दगड कोणी आणला, दोर कोणी, बैल कोणी. कोणी कोणाला "करू ना" म्हटलं नाही, एका दुपारी काम फत्ते. मी लांबून बघत होतो आणि दात खात होतो. मावशीचं इंजिन बसलं ते बसलंच. पुढे बहात्तरचा दुष्काळ आला, दळायलाच काही उरलं नाही, आणि तिने ते भंगारात घातलं. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला गेली. तिथे तान्ह्या पोरांसाठी बाभळीला लुगडी बांधून सावली केली होती. त्या कामावरच्या मुकादमाने तिला पोरं सांभाळायला बसवलं. ती अंगाई म्हणायची ती खडीच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जायची आणि पोरं दचकून उठायची. बायका हसायच्या. ती मात्र पूर्वीसारखी कोणाशी भांडत नसे. त्याच्या पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर तिने बरोबर भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाली, आता तरी बायको करा.

दहाबारा वर्षांनी ती गेली, ते मला उशिरा कळलं. वर्षश्राद्धाचं आमंत्रण मात्र अण्णांनी आठवणीने धाडलं, कारण त्या दिवशी शाळेत तिचा फोटो लावायचा होता. मी बायकोला घेऊन गेलो. तिथे गेल्यावर कळलं, की तिथी खरं तर आदल्या दिवशी होती. गावाने ती बेस्तरवारी धरली. सगळ्यांना जेवण द्यायचं तर कोरड्यास चांगलं हवं, आणि भाजी बाजाराशिवाय मिळणार कुठून? मी ते ऐकलं आणि मला हसावं की कोणाच्या तरी थोबाडीत मारावी, काही कळेना.

मंडप होता. लाउडस्पीकर होता, तिच्या कार्यक्रमाला लाउडस्पीकर! अण्णा बोलत होते, की मावशींच्या नावाने लवकरच एक समिती स्थापन करू. मला मानाने पाटावर बसवलं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, पाटावर काय बसलाय? हिकडं या चुलीपाशी." वळून पाहिलं तर छबू. ओळखली ती डोळे वटारण्यावरून. अंगाने भरलेली, कपाळाला मोठं कुंकू, कडेवर तान्हं. मंडपामागे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चालल्या होत्या, ती तिथे थापायला बसली होती. मी उठून गेलो. तिच्या पाठीला टेकून एक मुलगी बसली होती, पाचसहा वर्षांची, तोंडावर पिठाचे हात. मी विचारलं, ही थोरली का?

"माझी न्हाई ती," छबू भाकर उलटवत म्हणाली. "शेजारनीची हाय. आई-बाप कारखान्याला गेल्यात. दळन घिऊन घरी आली हुती माझ्यासंगं, ऱ्हायली."

मी तिला विचारलं, तुझ्या सासरच्या गावाने काही सोय केली आहे का, आणखी घरं आहेत का अशी? ती म्हणाली, कशाची गुरुजी, मी एकलीच. सांगून सांगून तोंड दुखलं. आणि हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं, की मंडपातली दोनचार माणसं मागे वळून बघायला लागली. पलीकडे लाउडस्पीकरवर अण्णांचं चालूच होतं. मावशी असती तर म्हणाली असती, एकीनं घालून काय व्हतंय, आणि ते खरंच आहे, म्हणून तर माझा राग जात नाही.

मी चुलीपाशी टेकलो. त्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग हात लांब करून तव्यावरची भाकर सरळ उचलली, बोटं भाजली तशी या हातातून त्या हातात केली आणि खायला लागली. तिने कोणालाही विचारलं नाही. छबूने तिला एक शिवी घातली आणि पुढची भाकर थापायला घेतली.